बंद पाकिटातलं दिसणारी बाई

यमुताई गणवीर यांना बंद पाकिटातलं दिसतं. आणि नुसती चिठ्ठी नाही, कोण जगणार नि कोण मरणार तेही दिसतं, अशी कुजबुज सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात एका सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सुरू झाली. आठवडाभरात ती सीताबर्डीच्या पानठेल्यांवर पोचली. लोकही कसे बघा! ऐकताना अंगावर काटा, आणि दुसऱ्या दिवशी दोघे जण मटक्याचा आकडा विचारायला हजर. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या यमुताईंनी त्यांना हाकललं. पण 'हे खोटं आहे' एवढं काही त्या म्हणाल्या नाहीत. अफवेला मग आणखी काय पाहिजे?

यमुताई त्या दवाखान्याच्या मनोविकार विभागात समाजसेविका होत्या. तिथले डॉक्टर हरकरे नुकतेच परदेशातून आलेले. पाटलोणीचा घेर एवढा, की नर्सा म्हणायच्या, डॉक्टर एकदा चालून गेले की झाडू मारायला नको. त्यांना एक गोष्ट तपासायची होती : उदासीनं खचलेल्या बाया आठवड्यातून एकदा गोल बसून बोलल्या, तर बऱ्या होतात का? बाया सोळा. आठ जणी मंगळवारी गटात बसणार, आठ जणी तीन महिने थांबणार. शेवटी सगळ्यांना तेच वीस प्रश्न विचारून गुणांची तुलना करायची. कोणी बसायचं नि कोणी थांबायचं, ते माणसानं ठरवायचं नाही. माणूस कळवळतो, लागेबांधे पाहतो. म्हणून सोळा बंद पाकिटं, क्रमांक घातलेली. बाई येईल त्या क्रमानं पाकीट फोडायचं. निळी चिठ्ठी म्हणजे गट, पांढरी म्हणजे थांबा.

दहा पाकिटं सरळ गेली. मग सप्टेंबरातल्या एका सकाळी उमरेडची सत्यवती नंदनवार आली. घरी हातमाग, पण तिचे हात चार महिन्यांपासून थांबलेले.

"ताई, पैली बस धरून आली मी. माहाच नंबर पैला ना?"

तिच्या मागून देवकी आली. ही यमुताईंच्या शेजारची. मूल गेल्यापासून बोलत नव्हती, आणि सासूनं बजावलं होतं, दिवाळीपर्यंत सुधारली नाही तर माहेरी पोचवते. यमुताईंनी अकरावं पाकीट उचललं, खिडकीपाशी गेल्या, आणि त्यांना कळलं : आत निळी आहे. दारात शालिकराम चपराशी उभा होता. त्यानं हे पाहिलं.

"उपाशी आली असशील वं," यमुताई सत्यवतीला म्हणाल्या. "खाली जा, चहा घेऊन ये."

ती चहा घेऊन येईपर्यंत देवकीचं नाव अकराव्या पाकिटावर चढलं होतं. बारावंही निळंच निघेल, अशी यमुताईंनी मनाची समजूत घातली.

"झाला माहा चहा, ताई," सत्यवती म्हणाली.

बारावं पांढरं निघालं.

तीन महिन्यांत देवकी हसायला लागली, सासूशी भांडायलाही लागली. सत्यवती मात्र ठरल्या दिवशी आली नाही. यमुताई उमरेडला गेल्या. माग झाकलेला होता. नवरा म्हणाला, "दसऱ्याच्या आधीच विहिरीत गेली ती. तुमची तारीख सांगत होती सगळ्यांले."

तेव्हापासून दवाखान्याच्या जिन्यात कपबशी वाजली, की यमुताई वळून बघायच्या. कोणी नसायचं. तरी त्या जागेवरून सरकून वाट द्यायच्या. शालिकरामनं तेही पाहिलं, आणि खिडकीची गोष्ट त्याला जोडली. देवकीनं वर फोडणी घातली, "ताईच्या हातच्या पाकिटानंच वाचली मी!"

डॉक्टरांचा तक्ता मोठा देखणा झाला होता. गटातल्यांची उदासी निम्म्यावर, थांबलेल्यांची जिथल्या तिथे. दिल्लीच्या परिषदेत वाचायचा निबंध तयार होता.

"बारा नंबर गळाली. तक्त्यातून काढा," डॉक्टर म्हणाले.

"गळाली नाही सर. मेली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "वाईट झालं. पण शेवटी चिठ्ठीचा खेळ आहे, यमुताई. यात कोणाचा दोष नाही."

इथे गप्प बसल्या असत्या तर नोकरी शाबूत, डॉक्टर खूश, देवकी सुखी. यमुताईंनी चष्मा काढून पुसला.

"चिठ्ठीचा नव्हता सर. माझा आहे." आणि सगळं सांगितलं.

"किती वेळा केलंत?"

"एकदाच."

"ते मला कसं कळणार? एक उघडं, म्हणजे सोळाही उघडी. आणि तुमची देवकी गटानं बरी झाली, की शेजारी तुम्ही होतात म्हणून?"

"सत्यवतीला तक्त्यात ठेवा," यमुताई एवढंच म्हणाल्या.

"कोणत्या रकान्यात ठेवू?"

निबंध दिल्लीला गेला नाही. यमुताईंची बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली. निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या, आणि मटक्याचा आकडा विचारणारे अधूनमधून तिथेही पोचायचे.

खरी गोष्ट अशी : पाकिटांचा कागद पातळ होता. खिडकीच्या उजेडात धरला की चिठ्ठीचा रंग कोणालाही दिसला असता.