एकेकच काठी

“धनाजीला मारलं,” असा कारखान्यातून फोन आला, तेव्हा मी फलटणला मेहुण्याकडे जेवत होतो. वाटलं, दोन थपडा बसल्या असतील, त्याची जीभच तशी तिखट… पण पलीकडचा माणूस रडायला लागला. मी ताट सरकवलं.

कराडजवळच्या एका साखर कारखान्यात आम्ही दोघं संगणकाचं काम बघायचो. उसाच्या कुठल्या गाडीचा नंबर आला, हे गाड्या थांबायच्या तळावरच्या पडद्यावर दिसायचं. हंगामात शेकडो वाहनवाले तेच मोबाइलवर बघत आणि एकटा सर्व्हर धापा टाकी. धनाजीनं जास्तीची यंत्रं जोडून क्लस्टर करायची परवानगी मागितली, म्हणजे काम सगळ्यांत वाटलं जाईल. साहेबांपुढे मूठ आपटून म्हणाला, “आवं, एकाच बैलानं किती रान नांगरायचं? इर्जिक घाला. समद्यांची औतं आली की एक बैल बसला तरी काम थांबत न्हाई.” ते हसले. मग त्यानं कॅशिंगवर भागवलं. सारखं विचारलं जाणारं उत्तर हाताशी ठेवायचं, दर वेळी सर्व्हरला उठवायचं नाही. मला म्हणाला, “ही शिळी भाकर हाय गड्या. पोट भरतं, पण क्लस्टरची सर न्हाई.”

त्या दुपारी रांगेतली एक गाडी बिघडली. नंबर बदलले, पडदा मात्र हाताशी ठेवलेले जुनेच दाखवत राहिला. आपलाच नंबर म्हणत वजनकाट्यावर दोन ट्रॅक्टरवाले आपापल्या माणसांसह भिडले. आधी शिव्या, मग काठ्या, दगड. धनाजी पळत जाऊन मध्ये पडला. “भांडू नगा रं, पडदा जुनं दाखवतोय. चूक माझी हाय.” चूक कबूल करणारा एवढा एकच माणूस त्या गर्दीला सापडला, आणि दोन्हीकडचे त्याच्यावर तुटून पडले. डोकं फुटलं, बरगड्या मोडल्या, खाली पडल्यावरही लाथा बसत होत्या. मी फलटणहून पोचेपर्यंत तो गेला होता.

पोलिसांना प्रत्येकानं सांगितलं, “म्या एकच काठी मारली.” खरंही असेल. काम असं वाटून घेतलं की कुणा एकावर भार पडलाच नाही. धनाजीला हवा होता तो क्लस्टर त्याला असा मिळाला…

परवा त्याच्या घरी सुनीतावहिनींना, त्याच्या बायकोला, भेटायला गेलो होतो. जामिनावर सुटलेला एक ट्रॅक्टरवाला उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. “वैनी, माजी एकच बसली. देवाशपथ.”

सुनीतावहिनी रडल्या नाहीत. धनाजीची खुर्ची आतून ओढत आणून त्यांनी दारात ठेवली. “समद्यांनी एकेकच मारली न्हवं? मग माझा माणूस कुणी मारला, ते तुमी समदे मिळून ठरवा. ज्याचं नाव निघंल, त्यानं हितं येऊन बसावं.”

तो मागच्या पावली गेला. खुर्ची अजून दारातच आहे. आत जायचं तर तिच्या कडेनं अंग चोरून जावं लागतं.