लाल दोऱ्याच्या पट्ट्या

पट्ट्या बनवण्यात पांढुर्ण्याच्या बायकांचा हात धरणारं कोणी नाही, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. कारण मात्र फारसं अभिमानाचं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे पुरुष जाम नदीच्या या काठाला आणि सावरगावचे त्या काठाला उभे राहून दिवसभर एकमेकांवर दगड फेकतात, त्याला गोटमार म्हणतात, आणि संध्याकाळी फुटकी डोकी घेऊन घरी येतात. देवीचा अंगारा लावून झाला की घरातली बाई मुकाट्यानं पट्टी बांधते. ती पट्टी आयत्या वेळी कुठून येणार? म्हणून श्रावण लागला की आमच्याकडं जुनी लुगडी बाहेर निघत. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं घ्यायचं, काठ काढून टाकायचे, चार बोटं रुंदीच्या पट्ट्या फाडायच्या, गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, उकळायच्या, कडक उन्हात वाळवायच्या आणि गुंडाळून ठेवायच्या. हे सगळं मला माझ्या आईनं परकर-पोलक्याच्या वयात शिकवलं. पुरुषांना अक्कल शिकवण्यापेक्षा हे सोपं आहे, असंही ती वर म्हणाली.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आमच्या गल्लीतली एक बाई गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून नागपूरहून परत आली. तिथल्या मोठ्या दवाखान्यामागं एका संस्थेनं बाहेरगावच्या रुग्णांसाठी घर चालवलं होतं. राहायला जागा, दोन वेळचं जेवण, आणि ज्याचं कोणी नाही त्याच्यासोबत दवाखान्यात जायला माणूस. ती बाई म्हणाली, "सारं हाय तिथं, पण जखमेले बांधाले धड चिंधी नाही." एवढंच ती बोलली आणि पंधरा दिवसांत आमच्या गल्लीनं पट्ट्यांचं पहिलं गाठोडं पाठवलं. सावरगावच्या बायकांना हे कळल्यावर त्या कशाला मागं राहतात? पण आमच्या गाठोड्यात त्यांना आपली पट्टी घालायची नव्हती. म्हणून त्या हिरव्या दोऱ्यानं बांधत आणि आम्ही लाल. मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच मास्तरीण झाले होते. अक्षर बरं, म्हणून चिठ्ठी लिहायचं काम माझ्याकडं. 'पांढुर्ण्याच्या बायकांकडून' असं लिहून मी गाठोडं पॅसेंजरच्या गार्डाच्या हाती देत असे. दर दोन-तीन महिन्यांनी हे चालत राहिलं.

त्या घराची पायरी आपल्यालाच चढावी लागेल असं कुणाच्या मनात नव्हतं.

माझी वहिनी माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या वेण्या तिनं घातल्या, त्यामुळे नणंद-भावजयीची औपचारिकता आमच्यात कधी आलीच नाही. तिनं छातीतली गाठ सहा महिने लपवली. आम्हाला कळलं तेव्हा ती चिघळायला लागली होती. त्या काळी त्या रोगाचं नाव कोणी घेत नसे, नुसतं 'तो रोग' म्हणत, आणि तो शिवण्यानं होतो अशी बहुतेकांची खात्री होती. ज्या शेजारणी दर खेपेला माझ्याबरोबर बसून कॅन्सरच्या रुग्णांसाठी पट्ट्या गुंडाळत होत्या, त्याच आमच्या घरचं पाणी प्यायच्या बंद झाल्या. मला त्यांचा इतका राग आला होता की तो अजून पूर्ण गेलेला नाही.

छप्पन साली दसऱ्याच्या आधी नागपूरला तिचं ऑपरेशन झालं. मग डॉक्टरांनी सहा आठवडे शेक सांगितला. मोठ्या यंत्राखाली रोज काही मिनिटं झोपवायचे, त्याला सगळे शेकच म्हणत. डॉक्टरांनी बजावलं होतं की मध्ये खंड पडला तर केलेलं वाया जाईल. माझा भाऊ सौसरच्या तहसीलीत कारकून, त्याला एवढी रजा कुठून मिळणार? मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली आणि वहिनीला घेऊन त्या संस्थेच्या घरात राहायला गेले. पहिल्याच दिवशी व्हरांड्यातल्या कपाटात लाल दोऱ्याची गाठोडी दिसली. वहिनीनं त्यांच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हे तं आपलंच घर निंगालं." त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

शेकाचे दोन आठवडे झाले आणि राज्यं बदलली. पेपरांत नकाशे आले. नागपूर मुंबई राज्यात गेलं, पांढुर्णा आणि सौसर मध्य प्रदेशातच राहिले. आम्ही जागचे हललो नव्हतो, हललं होतं ते नागपूर. पण आठ दिवसांत परके मात्र आम्ही ठरलो. संस्थेचे सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त वकील, काळा कोट घालणारे, हळू बोलणारे. त्यांनी मला बोलावून सांगितलं की संस्था ही आपल्या राज्यातल्या रुग्णांसाठी आहे, आणि तुमचं राज्य आता दुसरं. जागेसाठी लोक ताटकळत होते. या रविवारपर्यंत खोली सोडा आणि पुढच्या मदतीसाठी भोपाळला अर्ज करा, असं ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता हे आता कळतं. तेव्हा मला तो वाईटच हवा होता.

भोपाळ आमच्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. नागपुरात भाड्यानं खोली बघावी तर जखमेचा वास आला की घरमालक दार लावून घेत. आणि पांढुर्ण्याहून रोज आगगाडीनं येण्या-जाण्याइतकं बळ वहिनीच्या अंगात नव्हतं. राहिलेले तीन आठवडे या घरात मिळाले नाहीत तर शेक तुटणार होता आणि वहिनी जाणार होती. यात मला काहीच संशय नव्हता.

शनिवारी भाऊ सौसरहून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. कारकुनाला कागदावरचा उपाय लगेच दिसतो.

"त्यात काय हाय? हिचं माहेर नरखेड. नरखेड तं गेलंच मुंबई राज्यात. फॉर्मवर लिहून टाक, राहणार नरखेड. झालं."

मलाही ते पटलं. इतकं सोपं आपल्याला कसं सुचलं नाही म्हणून मी हसलेसुद्धा. वहिनी भिंतीकडं तोंड करून पडली होती. ती वळली नाही.

"नाही," ती म्हणाली. "मी नरखेडची नाही. मी पांढुर्ण्याची आहो."

"वहिनी, कागदावरच लिहायचं हाय न. कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिली न."

भावानं समजावलं, मग आवाज चढवला, मग बाहेर जाऊन बसला. मी त्याच्यापेक्षा वाईट बोलले. तुझ्यासाठी मी नोकरी पणाला लावून बसले आहे आणि तू एका शब्दासाठी जीव घालवतेस, असं मी तिला म्हणाले. मरणाऱ्या माणसाला कोणी असं बोलत नाही. मी बोलले. तिनं मला बोलू दिलं, आणि मी दमल्यावर हळूच सांगायला लागली.

"माही आत्या अशीच आली होती माहेरी. तिच्या पोटात गाठ होती. सासरच्यायनं सांगतलं, चार दिवस राहून ये, हवा बदलते. पेटी घेऊन आली. मंग कोणी न्यायले आलंच नाही. ते रोज दारात बसून वाट पाहे. मी लहान होती, मले विचारे, गाडी दिसली का वं?" ती थांबली. "मेली तं नरखेडातच मेली. गावात अजून तिले टाकलेलीच म्हणते. अन् तुह्या भावानं आज एका वाक्यात मले नरखेडले पोहचवून देल्लं."

आमच्याकडं दुखणाईत सुनेला माहेरी पाठवणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. गावात दोन-तीन घरं मला माहीत होती. पण ज्या फॉर्मला मी नुसता कागद समजत होते, तो तिच्या लेखी तिची पेटी भरून तिला दारात ठेवत होता. मला तिचा राग येणं तिथंच बंद झालं. राग शिल्लक होताच, तो आता दुसरीकडं वळला.

रविवारी सकाळी संस्थेच्या कमिटीची माणसं जमायच्या आत मी व्हरांड्यातलं कपाट उघडलं आणि लाल दोऱ्याची सगळी गाठोडी काढून सेक्रेटरींच्या टेबलावर आणून ठेवली. रागावले की माझी शाळेतली भाषा सुटते.

"साहेब, हे घ्या. हे बी दुसऱ्या राज्याचं हाय. हे मी परत नेऊन राहिली."

"बाई, पट्ट्यांचा काय संबंध?"

"सात-आठ वर्सं आमच्या बायकायच्या अंगावरची लुगडी चालली तुमाले. आता बाई चालत नाही का?"

मी गाठोडी पिशवीत भरायला लागले. तेवढ्यात बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याकडं माझं लक्ष गेलं. वर्ध्याकडचा होता, जबड्याचं ऑपरेशन झालेला. त्याला बोलता येत नसे. पट्टी बदलायची म्हणून त्यानं जुनी सोडून हातात धरली होती, आणि उघड्या जखमेवर माशी बसू नये म्हणून दुसऱ्या हातानं वारा घालत तो माझ्या पिशवीकडं बघत होता. त्यानं हात पुढं केला नाही की मागणारी नजर केली नाही. तो फक्त ती पिशवी कुठं जाते ते बघत होता.

मला माझीच लाज वाटली. मी एक गाठोडं सोडलं, त्याच्यापाशी बसले आणि त्याची जखम पुसून पट्टी बांधली, गोटमारीत बांधतो तशी, हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ. मग बाकीची गाठोडी मी जागच्या जागी कपाटात लावून टाकली. सेक्रेटरी हे सगळं बघत उभे होते. माझा डाव फसला होता आणि ते त्यांनाही कळलं होतं. पण माघार घ्यायला मी काही नागपूरला आले नव्हते.

"पट्ट्या मी नेत नाही," मी म्हणाले. "अन् माह्या माणसालेही नेत नाही. काढाचंच असन तं आमा दोघीले उचलून बाहेर काढा. ते हलकी झाली हाय. मी नाही झाली."

त्यांनी टेबलाचा खण ओढला. मग एक कोरा फॉर्म घेऊन माझ्या मागं खोलीत आले. वहिनी उठून बसली, पदर सारखा केला. त्यांनी तिलाच विचारलं, राहणार कुठल्या?

"पांढुर्णा," ती म्हणाली. शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. दारात उभ्या असलेल्या माझ्या भावानं मान खाली घातली.

त्यांनी पांढुर्णा असं लिहिलं. पुढं राज्याचा रकाना होता. त्यांचं पेन तिथं जरा थबकलं आणि मग त्यांनी फॉर्मची घडी घालून तो कोटाच्या खिशात ठेवला. रकाना कोराच राहिला. कमिटीत त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. आभार मानायचे होते, पण रागाच्या भरात राहून गेले, आणि नंतर तशी वेळ आली नाही.

शेक पूर्ण झाला. वहिनी त्यानंतर चार वर्षं जगली, आणि काही रडत-कढत नाही जगली. ओसरीवर बसून ती पट्ट्या गुंडाळायची. डावा हात फार वर जात नसे, म्हणून लुगड्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून फाडायची. पहिले काही महिने ती एकटीच असे. मग गालाचं ऑपरेशन झालेली ती शेजारीण येऊन बसायला लागली, आणि मग हळूहळू बाकीच्याही. ज्या पाणी पीत नव्हत्या त्यांना वहिनी मुद्दाम आधी पाणी द्यायची आणि ग्लास रिकामा होईस्तोवर तोंडाकडं बघत राहायची.

चौथ्या वर्षी दुखणं पाठीत उतरलं. शेवटी शेवटी तिचा भाऊ नरखेडहून तिला न्यायला आला. मायेनंच आला होता, गाडी करून आणली होती. वहिनीला तेव्हा बोलायलाही कष्ट पडत. तिनं माझ्या भावाकडं पाहिलं. तो उठून दारात जाऊन उभा राहिला आणि मेव्हण्याला म्हणाला, "ते कुठी जात नाही. हे तिचं घर हाय." एवढं बोलायला त्याला चार वर्षं लागली, पण बोलला. त्यानंतर नवव्या दिवशी ती आपल्याच घरात वारली.

तिचं रोजच्या वापरातलं लुगडं तेवढं मागं राहिलं, विटक्या जांभळ्या रंगाचं, फार मऊ. तेरावं झाल्यावर बायका म्हणाल्या की त्या रोगाचं कापड घरात ठेवू नये, जाळून टाक नाही तर नदीत सोड. आमच्या गल्लीतल्याच त्या, माझ्याबरोबर इतकी वर्षं बसलेल्या. मी अंगणात चूल मांडली, सगळ्यांच्या देखत ते लुगडं फाडलं, तासभर उकळलं आणि भर उन्हात दोरीवर वाळत घातलं. ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघितलं. गालाच्या ऑपरेशनवाली तेवढी उठून आली आणि दोरीचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं गाठोडं नागपूरला गेलं. लाल दोऱ्यानं बांधलं होतं. चिठ्ठीवर नेहमीचं लिहायला बसले, पण या वेळी ते खरं नव्हतं, हे एकाच बाईकडून चाललं होतं. म्हणून मी लिहिलं, 'पांढुर्ण्याच्या सुनेकडून'.