मेंदू माझा, बोलणी मुलाशी

डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला, पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि माझ्याकडे पाठ केली.

फोनवर तुमचे बाबा होते, म्हणजे माझा मुलगा. चिंचवडमधला दवाखाना. आमच्याकडे आता हीच पद्धत. मुलं परदेशात, म्हातारे मोशीच्या फ्लॅटमध्ये, तपासणीच्या वेळी मुलं व्हिडिओवर. बाहेर नावं लिहून घेणाऱ्या मुलीने आधीच बजावलं होतं, "आजी, मुलाला लाइनवर घ्या. सर एकट्या म्हाताऱ्यांशी बोलत नाहीत."

माझा उजवा हात बसल्या जागी थरथरत होता. अक्षर बारीक होत चाललं होतं. बोलणं मंदावलं होतं.

"आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं. माझे ओठ हलेपर्यंत ते थांबले नाहीत. फोनला म्हणाले, "बघितलंत? स्मृतिभ्रंशाची सुरुवात. एकटं ठेवू नका. फ्लॅटचे व्यवहारही तुमच्याकडे घ्या."

तुमचे बाबा म्हणाले, "ओके, डॉक्टर."

माझ्या हाताला कुणी हात लावला नव्हता. चालून दाखवा म्हटलं नव्हतं. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं मी. तिथे मी नुसतं गाठोडं झाले होते.

उठले. फोन उचलला. बंद केला.

"आज मंगळवार आहे. डॉक्टर, तुम्ही डीएम न्यूरॉलॉजी आहात?"

"आजी, डिग्री बघून काय लग्न जमवायचंय? अनुभव आहे माझा."

पाटीवर 'मेंदूविकार' मोठ्या अक्षरांत होतं. नावापुढे एमडी. त्यानंतर आणखी तीन वर्षं मेंदू आणि नसा शिकून मिळते ती पदवी नव्हती. एमडी असणं गुन्हा नाही. न तपासता माझं घर माझ्याकडून काढून घेणं, हा गुन्हा आहे.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. एकटी. त्या बाईंकडे ती पदवी होती. त्यांनी माझं मनगट फिरवून पाहिलं, गुडघ्यावर हातोडी मारली, मला व्हरांड्यात चालवलं. प्रत्येक उत्तराची वाट पाहिली. मग तोंडावर सांगितलं, "हा पार्किन्सन्स आहे. बरा होत नाही, औषधांनी आवरता येतो. स्मरणशक्ती आज ठीक आहे."

'आज' हा शब्द मी नीट ऐकला.

नातवंडांनो, हे तुम्हाला लिहितेय, कारण तुमच्या बाबांनी मला काही विचारलंच नाही. त्यांनी फ्लॅटचे व्यवहार स्वतःकडे घ्यायला मुखत्यारपत्राचा मसुदा पाठवलाय. हात थरथरतो, तरी सही करता येते मला.

करणार नाही.