काकीच्या कोंबड्यांची आंघोळ

भिजलेल्या कोंबडीचा वास ज्याने घेतला नाही, त्याने माझ्यापुढे किळसेच्या गोष्टी सांगूच नयेत. शाळेतल्या नोकरीसाठी मी महाडहून पोलादपूरजवळच्या एका गावात राहायला गेले आणि घरमालकीण काकीने पहिल्याच रविवारी तो वास माझ्या नशिबी लिहिला. न्हाणीत कोमट पाणी, त्यात निरगुडीचा पाला आणि माझ्याच बादलीत मानेपर्यंत बुडवलेली कोंबडी! वर पिसं, पिसवा आणि नको ते तरंगत होतं. मी बादलीकडे बोट दाखवून ओरडले.

"माणूस न्हातो, मग तिनं का नाय न्हायाचं?" काकी म्हणाली. "तीपन घरातलीच हाय."

काका कधीच गेलेले, मूलबाळ नाही. घरातली म्हणजे चार कोंबड्या आणि राजा नावाचा तांबडा कोंबडा. ओली कोंबडी गारठते म्हणून काकी तिला पदरात गुंडाळून बसायची, आणि त्याच पदराने कपबशी पुसून मला चहा द्यायची. माझं केस सुकवायचं मशीन तिने एकदा मागून नेलं, ते पुन्हा माझ्या केसांना लागलं नाही. गरम वाऱ्याखाली राजा डोळे मिटून तिच्या मांडीवर पसरायचा. "बघ गो बाय, नवरदेव कसा बसलाय!" मी नाकाला ओढणी लावून बघायचे.

त्या गावात वर्षाच्या राखणीला देवापुढे बळी द्यायचा कोंबडा न्हाऊ घालून, पायाला दोरी बांधून अंगणात ठेवतात. मला हे ठाऊक होतं. पण राखणीच्या सकाळी, काकी राजाला न्हाऊ घालून पाण्याला गेली आणि ओलाचिंब राजा थेट माझ्या गादीवर चढला. पंख झाडले, वर घाणही केली. मी संतापाने त्याला वर्तमानपत्रात धरून बाहेर नेलं, कपडे वाळत घालायच्या निळ्या दोरीचा तुकडा पायाला बांधला, दुसरं टोक खांबाला, आणि चादर घासायला बसले. तेवढ्यात मुंबईहून आलेला काकीचा पुतण्या दोरी सोडून त्याला देवळाकडे घेऊन गेला.

दुपारी काकी मुठीत तांदूळ घेऊन घरभर "राजा, राजा" करत फिरत होती. चुलीवर रस्सा शिजत होता.

"काकी, तूच न्हाऊ घालून बांधला होतास ना?" पुतण्या चाचरला.

"मी नाय बांधला."

मी मान वर केली नाही. काकी त्या दिवशी जेवली नाही. त्यानंतर एकाही कोंबडीला तिने न्हाऊ घातलं नाही. बादली स्वच्छ राहू लागली, वास गेला, मला हवं होतं तेच झालं. मला माझी लाज वाटायची, पण तोंड उघडत नव्हतं.

महाडला बदली झाली तेव्हा काकी एसटीच्या थांब्यापर्यंत आली. फडक्यात गुंडाळलेलं मशीन तिने माझ्या हातात दिलं. वर निळ्या दोरीची नीट गुंडाळी होती.

"तुझीच हाय ना गो? खांबापाशी पडलेली. धुऊन ठेवलीय."

मी हो म्हटलं. राजाबद्दल तिच्यापाशी मी बोललेलं तेवढं एकच खरं.