मग-पुढे काकू

इंदूरमध्ये माझं शिक्षण पुन्हा सुरू झालं आणि टिकलं, ते मग-पुढे काकूंमुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर गहिवरून राहून जायला नको.

त्या माझ्या घरमालकीण, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. कुणी काहीही सांगितलं की विचारायच्या, "मग पुढे?" भाजीवाला म्हणाला, "माताजी, आज पालक नहीं आई," तर त्यालाही "फिर आगे?" तो बिचारा पावसापासून मंडीपर्यंतची सगळी कथा सांगे आणि वर कोथिंबीर देऊन जाई. हे नाव गल्लीनंच पाडलेलं.

मी वाशीमकडची. आई आजारी पडली आणि दहावीनंतर शाळा सुटली. पुढे इथे सियागंज बाजारात मसाल्याच्या दुकानात ऑर्डरी घेता घेता बारावी बाहेरून दिली, बीएला प्रवेश मिळाला. मुख्य विषय इतिहास, हे पक्कं होतं. सोबतचे विषय मात्र मी भीतीपोटी निवडले: अर्थशास्त्र, इंग्रजी साहित्य आणि वर कॉम्प्युटर. अवघड विषय घेतले की ही शाळा सोडलेली मुलगी, असं कोण म्हणेल?

विषय सांगायला गेले, तेव्हा काकू मक्याची कणसं किसून भुट्ट्याचा किस करायला बसल्या होत्या. "अरे वा, सीधे कलेक्टरच व्हायचंय का बेटा? दुकान सुटतं कधी?"

"आठला."

"मग पुढे?"

"स्वयंपाक."

"मग पुढे?"

"झोप येते, काकू."

त्या हसल्या नाहीत. "एकदा शाळा सुटली, ते तुझ्या हातात नव्हतं. आता नापास होऊन कॉलेज सुटलं ना, तर तू परत यायची नाहीस. मी पोरी बघितल्यात. पहिलं वर्ष गाजवायचं नसतं गं, पार करायचं असतं."

त्यांनी शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीची पुस्तकं मागवली. काकूंची जुनी रीत होती: पहिलं पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि आपल्या भाषेत सांगायचं. त्या किसत राहणार.

अर्थशास्त्राची दोन वाक्यं झाली आणि माझा हात पुस्तकाकडे गेला. "राहू दे. विषय चांगलाय, पण आत्ता तुझ्यासाठी नाही." इंग्रजीचं अर्धं पानही जमलं नाही. मग समाजशास्त्र काढलं. पान होतं कुटुंबावर. मी सांगता सांगता आमच्या गावातच पोचले. घरात अडचण आली की शाळा कुणाची सुटते आणि कुणाची नाही, इथपर्यंत. काकू ऐकण्यात इतक्या रमल्या की दाणे संपून किसणीला बोट लागलं.

"हा घे," बोट चोखत म्हणाल्या.

इंग्रजीच्या जागी मराठी आलं. कॉम्प्युटर राहू दिला. दुकानात ऑर्डरी टाकताना त्यावर रोज हात चालतो म्हणून.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेनंतर काकूंचे गुडघे फारच धरले, तेव्हा मुलगा त्यांना बंगळूरला घेऊन गेला. निकाल मी फोनवरच सांगितला, "काकू, पास झाले. सगळ्यात जास्त इतिहासात." पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग आलंच, "मग पुढे?"

पुढे असं, काकू. पदवी हातात आली की मी बंगळूरला येणार. तुम्ही खुर्चीवर निवांत बसायचं, किसणी या वेळी माझ्या हातात. आणि तिन्ही वर्षांचा इतिहास पुस्तक मिटून सांगेन, तुम्ही विचारायच्या थांबेपर्यंत.