निकेलची भुकटी

माझा थोरला भाऊ, दादा, पलंगापासून खिडकीपर्यंत जाताना दोनदा थांबतो. वनस्पती तुपाच्या कारखान्यात तेलाचं घट्ट तूप व्हावं म्हणून तो जन्मभर तेलात निकेलची भुकटी ओतत होता. ती उडून नाकातोंडात जायची.

मी शाळेत शिकवते की निकेलसारख्या उत्प्रेरकामुळे क्रियेला ऊर्जेचा मोठा चढ चढावा लागत नाही, सोपी वाट मिळते, आणि तो स्वतः खर्ची पडत नाही. काल दादाला हे सहज सांगितलं.

"अगं, खरंय. भुकटी गाळून आम्ही परत वापरायचो," तो म्हणाला. मग खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर हळूच म्हणाला, "खर्ची पडलो तो मी."

मी त्याची पाठ चोळत राहिले. छातीतली घरघर तळहाताला जाणवत होती. भुकटी ओतणाऱ्या माणसाबद्दल मी वर्गात कधी एक वाक्यही बोलले नव्हते.