फत्तेसिंगअण्णांची सोळा पानं

किळस हा शब्द मी जपून वापरते. तुंबलेलं गटार, भांड्यातलं झुरळ, एवढ्यापुरताच. पण आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयानं शहाण्णव साली फत्तेसिंगअण्णांशी जे केलं, त्याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. आणि वाचनालय म्हणजे कोण? अध्यक्ष कृष्णाजी, चार कमिटीवाले आणि मी. मी, वसुमती, मूळची पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी कन्नड मुलखात, मल्लेश्वरमला येऊन पडले, घरात बसून डोकं फिरायला लागलं, म्हणून चामराजपेटेतल्या मंडळाचं वाचनालय बघायला लागले. शनिवार-रविवार, चार ते सात.

फत्तेसिंगअण्णा आमचे बाइंडर. मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांची जागा, इतकी अरुंद की ते आत बसले की गिऱ्हाइकानं बाहेरच उभं राहायचं. त्यांचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, दारात कन्नड. शाळा कन्नड, तीही सातवीपर्यंत. मराठी वाचायला माणूस शिकला तो बांधायला आलेल्या पुस्तकांवरून. पुस्तक उसवलं की त्याचे फर्मे सुटे होतात. फर्मा म्हणजे एकत्र दुमडलेली सोळा पानं. खळ लावलेला जो फर्मा आधी वाळेल तो अण्णा आधी वाचायचे. त्यामुळे खून कुणी केला हे त्यांना बहुतेक वेळा खून व्हायच्या आधीच माहीत असायचं.

पुस्तकं परत यायला हमखास आठवडा उशीर. मी पहिल्यांदा भांडायलाच गेले होते. म्हटलं, "अण्णा, चार दिवसांचं काम, बारा दिवस कसले लागतात?"

"स्वल्प थांबा, अक्का," ते म्हणाले, "दोन फर्मे वाचायचे ऱ्हायले." आणि त्यांनी मला चक्क स्टूल दिलं.

जे पुस्तक त्यांच्याकडे सगळ्यात जास्त वेळा बांधायला जायचं ते होतं 'मंगळावरचा जकात नाका'. एकसष्ट सालची विनोदी विज्ञान कादंबरी. लेखकानं पुढे काही लिहिल्याचं ऐकिवात नाही. मिरजेचा एक जकात कारकून मंगळावर बदली होऊन जातो आणि तिथे येणारं प्रत्येक यान अडवून पावती मागतो. तीन डोक्यांचा प्राणी आला की विचारतो, सही कुठल्या डोक्याची? तिन्ही डोक्यांचं एकमत होईपर्यंत रांग शनीपर्यंत जाते.

मी नाक मुरडलं. का खोटं सांगू! विज्ञान वाचायचं तर विज्ञान वाचावं, हसायचं तर हसावं, ही भेळ कशाला, असं माझं मत. पण पुस्तकाच्या मागचं तारखांचं कार्ड बघितलं आणि ते मत गिळलं. एकावर एक पाच कार्डं चिकटवलेली. त्रेसष्ट सालापासून महिनाभरसुद्धा ते कपाटात राहिलेलं नव्हतं. विमानाच्या कारखान्यातला देवाप्पा नावाचा फिटर दर दसऱ्याला आयुधपूजेच्या सुट्टीत ते न्यायचा. मी विचारलं, अहो, पाठ झालं असेल की. तर म्हणाला, "मॅडम, वर्षभर मशीनला नमस्कार घालतो. चार दिवस त्याला हसायला नको?" त्या पुस्तकात यंत्रं बदलत होती, ग्रह बदलत होते, पण साहेब आणि शिक्का काही बदलत नव्हते. आमच्या वाचकांना आपलं ऑफिस मंगळावर बघायला मजा वाटायची. मलाही वाटली. मी ते घरी नेलं आणि स्वयंपाक करपेपर्यंत वाचलं.

तेव्हाच मला कळलं की शेवटची सोळा पानं हातानं लिहिलेली आहेत. निळी शाई, ठळक अक्षर, छापलेल्या पानांच्या मापात नीट कापून शिवलेली. सगळ्यांचा समज असा की शेवटचा फर्मा हरवला तेव्हा कुणीतरी दुसऱ्या प्रतीवरून उतरवून घेतला. पण त्या पानांत मंगळावरचे प्राणी होकाराला कन्नडमधलं "सरी, सरी" म्हणत होते आणि कारकुनाला "अण्णा" म्हणत होते. कारकुनाची पृथ्वीवर बदली होते. न्यायला मार्केटमधून एक रिक्षावाला येतो. मीटर कितीही होऊ दे, परतीचं भाडं मिळत नाही म्हणून तो दीडपट मागतो, त्यावर घासाघीस चालते, तीन डोक्यांपैकी एक डोकं रिक्षावाल्याच्या बाजूनं बोलायला लागतं, आणि या भांडणात बदलीच्या हुकमाची मुदत संपून जाते. कारकून मंगळावरच राहतो. मी एकटी स्वयंपाकघरात खो-खो हसत होते.

मिरजेच्या लेखकाला मार्केटच्या रिक्षावाल्याची नस कुठून कळणार? मी सरळ जाऊन अण्णांना विचारलं. ते खळीच्या डब्यात बघत बसले. मग म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर सालात आलं तवा मागचा फर्माच न्हवता. मी विचारलं मंडळात, तर म्हणाले, जेवढं आहे तेवढं बांध. बिनशेवटाचं कसं बांधू, अक्का? वाचणारा काय करील?" पंधरा दिवस खपून त्यांनी शेवट लिहिला होता. अठरा वर्षं लोक तो वाचत होते. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी जन्मात लिहिलेलं तेवढंच.

मी कमिटीला सांगितलं का? नाही. वाचनालयाच्या पुस्तकात बाइंडरनं स्वतःचं घुसडलं म्हणून बोंब होईल आणि माझ्याच डोक्यावर खापर फुटेल, असं वाटलं. मूग गिळून बसले. हे मी सांगते आहे कारण पुढचं सगळं याच्यावरून घडलं.

शहाण्णव साली मंडळाला कुठल्या तरी कंपनीनं जुना कॉम्प्युटर दिला. झालं! कमिटीच्या अंगात आलं. सगळ्या पुस्तकांची यादी करायची, प्रत्येकापुढे स्थिती लिहायची. उत्तम, बरी, वाईट. यादी मीच केली, बोटं दुखेपर्यंत. त्याच सुमारास एका दिवंगत सभासदाच्या घरून तीन कपाटं भरतील एवढे चरित्रग्रंथ दान आले. जाड पुठ्ठे, सोनेरी अक्षरं, आणि कित्येकांची पानं अजून कापलेलीसुद्धा नव्हती. जागा हवी होती. कृष्णाजींनी मीटिंगमध्ये ठराव मांडला, "स्थिती वाईट असलेली सगळी पुस्तकं रद्दीत काढावीत."

आता यात काय घोटाळा आहे हे शाळेतलं पोर सांगेल. फाटतं ते वाचलेलं पुस्तक. ज्याला कुणी हात लावत नाही त्याची स्थिती उत्तमच असणार! पण सहा शहाण्या माणसांपैकी एकालाही ते सुचलं नाही. ठराव एकमतानं पास. माझा हातही वर होता. शी!

अण्णांना कुठून तरी कळलं. ते पहिल्यांदाच वाचनालयात आले, धुतलेला शर्ट घालून, आणि दारातच उभे राहिले. "अक्का, ते मंगळाचं रद्दीतच जाणार तर मला द्या. बाकी काही नको."

आमचा नियम असा की रद्दी कुणा व्यक्तीला द्यायची नाही, सगळी वजनावर जायची. खरं तर मी ते पुस्तक उचलून त्यांच्या हातात ठेवलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी काय म्हणाले? "कमिटीला विचारते, अण्णा."

कमिटीला विचारलं. कृष्णाजी म्हणाले, "एकाला दिलं की उद्या दहा येतील. आणि त्या थिल्लर पुस्तकाचं एवढं काय?" तेव्हा तरी मी तोंड उघडायचं! सांगायचं, अहो, त्यात त्या माणसाची सोळा पानं आहेत. नाही उघडलं. सोमवारी टेम्पो आला. गुरुवारी अण्णा रद्दीवाल्याकडे जाऊन आले, तर माल कारखान्यात लगदा व्हायला निघून गेलेला.

दोन महिने गेले. वाचनालयात चिटपाखरू फिरकेना. सोनेरी अक्षरांवर मी फडकं मारत बसायची. मग एका शनिवारी कृष्णाजी स्वतः आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "वसुमतीबाई, ते जकात नाकाचं... दुसरी प्रत कुठे मिळेल का?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. दर वर्षी त्यांच्या बायकोच्या नावावर ते पुस्तक जायचं, ते वाचत होता हा माणूस! चारचौघांत थिल्लर म्हणायचं आणि घरी दार लावून हसायचं. मला त्या क्षणी त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

तरी मी पुण्याला भावाला लिहिलं. त्यानं जुन्या बाजारातून प्रत पाठवली, पूर्ण, छापील शेवटासकट. तो शेवट असा, की कारकुनाला जाग येते आणि ते सगळं स्वप्न असतं. बस. कृष्णाजींनी नेलं आणि तिसऱ्या दिवशी टेबलावर आपटलं. "हा कसला शेवट? तो रिक्षावाला कुठे गेला? खरा शेवट हवा."

"खरा हाच आहे," मी म्हटलं. "तुम्ही वाचायचात तो फत्तेसिंगअण्णांनी लिहिलेला होता. आपल्या बाइंडरनं."

त्यांनी पुस्तक पुन्हा हातात घेऊन शेवटचं पान उघडलं. वाटलं, लाज वाटली असेल. कसली लाज! "अरे वा," म्हणाले, "मग पुन्हा लिहून घ्या की त्याच्याकडून. वर्धापनदिनाला शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. छान कार्यक्रम होईल."

आणि मी गेले. त्या किळसवाण्या निरोपासकट, पुण्याची प्रत आणि कोरे कागद पिशवीत घालून गेले, कारण मलाही तो शेवट परत हवा होता. अण्णा कोर्टाची रजिस्टरं शिवत होते. मी सगळं सांगितलं. मला ठाऊक असून मी गप्प बसले, हेही सांगितलं. त्यांनी सुई खाली ठेवली, हाताची खळ पुसली.

"अक्का, मी लिहिलं तवा कोण वाचतंय ते मला ठाऊक न्हवतं," ते म्हणाले. "मला वाटायचं, इतक्या येळा नेतात, हसतात, म्हणजे माणसं चांगली असतील. त्यांनी हसावं म्हणून रात्रंदिवस डोकं लावलं. आता ठाऊक झालं कोण वाचतंय ते."

मी म्हटलं, "देवाप्पासाठी तरी लिहा. माझ्यासाठी लिहा."

त्यांनी पुण्याची प्रत हातात घेतली, शिलाई ओढून बघितली आणि मला परत दिली. "शिलाई बरी आहे. शेवटबी आहे. बांधायला काही नाही यात."

मग त्यांनी पुढचं रजिस्टर ओढून घेतलं. या वेळी त्यांनी मला स्टूल दिलं नाही, आणि बसायला मागायची माझी हिंमत झाली नाही.